बरणीचा तळ

डार्लाने बरणी तिरकी केली आणि किराणा दुकानाच्या दाराशी असलेल्या नाणी मोजायच्या मशीनच्या तोंडात चिल्लर सोडली. मशीन खडखडलं, पडद्यावर आकडे पळू लागले. थोरली बहीण व्हर्ना मागे ढकलगाडीच्या दांड्याला धरून उभी होती. बरणी आईची. खारवलेल्या काकड्या संपल्यावर तिने ती धुऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली होती आणि पुढे घरात येईल त्याने खिशातली मोड तिच्यात टाकली होती. आई मार्चमध्ये गेली. आता घर रिकामं करणं चाललं होतं.

रोख पैसे हवे असतील तर मशीन शंभरामागे बारा-तेरा डॉलर कापून घेतं. त्याच दुकानाचं कूपन घेतलं तर एक सेंटही कापत नाही. डार्लाचं घरूनच ठरलं होतं. बँकेत न्यायचं म्हणजे एकेक नाणं निवडून कागदी नळकांड्यांत भरत बसा, तेवढा धीर तिच्यात जन्मात नव्हता. आणि आईच्या पैशातून मशीनला टक्का दिला असता तर आई थडग्यातून उठून दुकानाच्या मॅनेजरला भेटायला आली असती. कूपनावर थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्की येईल, उरलं तर बटाटे येतील, असा तिचा हिशेब होता. व्हर्नाने नुसती मान हलवली.

बरणी तळाला येईपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मग मशीनच्या खालच्या वाटीत टणकन एक नाणं परत आलं. मग दुसरं. मग थांबेचनात.

डार्लाने एक उचलून पाहिलं. एका अंगाला राणी, दुसऱ्या अंगाला शिंगाळं हरीण. कॅनडाचं. चुंबक फिरवायला विसरलो, म्हणून ती स्वतःवरच चरफडली. नदी ओलांडली की कॅनडा, अशा या काठावरच्या गावात फ्रिजवरचं चुंबक आधी चिल्लर निवडायला असतं, मग विजेचं बिल अडकवायला. पलीकडची नाणी त्याला चिकटतात, आपली चिकटत नाहीत. एवढं शेंबडं पोरही जाणतं. पण आईचं चुंबक डार्लानेच परवा खोक्यात भरलं होतं आणि खोकं तिच्या तळघरात जाऊन पडलं होतं.

मागे बिअरचं खोकं घेऊन उभ्या असलेल्या माणसाने विचारलं, बाई, तुमच्या बरणीत अख्खा कॅनडा राहतो की काय. डार्ला म्हणाली, देश मोठा आहे, वेळ लागेल, तुम्ही दुसरं दुकान बघा.

व्हर्ना हसली नाही. ती वाटीकडे बघत होती. वरची सगळी नाणी इकडची होती, गेल्या सहा वर्षांची. औषधाच्या दुकानातली, पेट्रोल पंपावरची. आई जिन्यात पडली तेव्हापासून व्हर्ना त्यापलीकडे कुठे गेलीच नव्हती. त्या नाण्यांच्या खाली तिचे रविवार होते. दर रविवारी ती पूल ओलांडून पलीकडे जायची. तिचा रसेल तिथल्या डोनटच्या दुकानात खिडकीपाशी जागा धरून बसलेला असायचा. संध्याकाळी घरी आली की कोट काढण्याआधी ती खिशातली मोड बरणीत टाकायची. माझ्यासाठी थांबू नकोस, असं तिनेच शेवटी त्याला सांगितलं. मनापासून सांगितलं नव्हतं. त्याच्यावाचून तिचा एक रविवारही धड गेला नव्हता.

मशीनने कूपन बाहेर टाकलं. डार्लाने ते पाकिटात ठेवलं आणि परत आलेली नाणी ओंजळीत गोळा केली. बँक पलीकडच्या नोटा घेते, नाणी घेत नाही. दाराशी भटक्या मांजरांसाठी दानाचा डबा होता. डार्ला तिकडे वळली तसा व्हर्नाने तिचा हात धरला.

"ही तिकडे चालतात," ती म्हणाली.

"तिकडे जाणार कोण? तुझा पासपोर्ट तरी चालू आहे का?"

"एप्रिलमध्ये नवा करून घेतला."

मार्चनंतर एप्रिल येतो, हे कळायला डार्लाला थोडा वेळ लागला. तेव्हापासून आता झाडांची पानंसुद्धा गळून गेली होती. या सहा वर्षांत दर गुरुवारी ती आईसाठी शिजवलेल्या जेवणाचं भांडं घेऊन यायची, टेकायची आणि निघायची. रविवारी मी बसते आईपाशी, तू जा, असं म्हणायचं तिला एकदाही सुचलं नव्हतं. व्हर्नानेही कधी मागितलं नव्हतं.

"आणि तो तिथे नसला तर?" तिने विचारलं.

"तर नसेल." व्हर्नाने आपला एक लोकरी हातमोजा काढला आणि त्याचं तोंड उघडून धरलं.

बाहेर गाड्यांच्या रांगांपलीकडे पुलाची कमान दिसत होती. रविवार होता, पुलावर फारशी गर्दी नव्हती. डार्लाने ओंजळ हळूहळू हातमोज्यात रिकामी केली. एक नाणं खाली पडलं, ते वाकून उचललं, आपल्या बाहीला पुसलं आणि तेही आत टाकलं.

"एवढ्यात होऊन होऊन काय होणार," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. "फार तर दोन कॉफी."

"दोनच तर हव्यात," व्हर्ना म्हणाली.