कोपऱ्यातला गेटमन

माझ्या थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाची रेल्वे फाटकावरची नोकरी गेली. भर दुपारी गेटमनला डुलकी लागली, फाटक उघडं राहिलं आणि दूधवाल्याची सायकल गाडीखाली गेली. दूधवाला थोडक्यात वाचला.

म्हातारपणी धाकट्याने मोठ्या टेबलावर छोटी रेल्वे मांडली. एक कोपरा मात्र ओकाबोका राहिला.

“दादा, इथं फारच मोकळं दिसतंय. काय करू?”

“झाडं लाव. तळं कर. चार शेळ्या सोड.”

“बरंच सुचलं की तुला!” तो हसला.

पुढच्या रविवारी गेलो, तर तिथे काड्यांचं फाटक होतं. शेजारी बोटाच्या पेराएवढा गेटमन, गळ्यात लाल मफलर. नोकरीत फाटकावर आम्ही दोघे पाळीपाळीने असायचो. मफलर फक्त माझ्याकडे होता.

“डोळे टाचणीने रंगवलेत, दादा. बघ, टक्क जागा आहे.”

त्या दुपारी पाळी माझी होती. लग्न आठ दिवसांवर आलेलं, म्हणून त्याने दोष आपल्या अंगावर घेतला आणि मी घेऊ दिला. टेबलापाशी मान खाली घालून उभा राहिलो. त्याची माफी मागायची राहूनच गेली. यंदा सोळा मार्चला धाकटा वारला.