मागेल त्याला जागा

आईचं शिवणयंत्र. लेकीचा ड्रमसेट. बायकोचं मडकी घडवायचं चाक. घरातली एकच रिकामी खोली.

तो कॉम्प्युटरमधली मेमरी वाटणाऱ्या यंत्रणेचा रचनाकार. नवा प्रोग्रॅम सुरू झाला की जागा मागतो, आणि त्याची यंत्रणा प्रत्येकाला बिनदिक्कत "हो" म्हणते. "सगळे एकदम थोडेच येतात वापरायला?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. घरीही त्याने तिघींना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं, "ती खोली तुझीच."

रविवारी तिघी आपापलं सामान घेऊन एकाच वेळी खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"काय रे, मला शब्द दिला होतास ना?" आई म्हणाली.

"आणि मला काय नुसतं गाजर दाखवलंस?" बायकोने विचारलं.

लेक मात्र शांत होती. "बाबा, ऑफिसात अशी पंचाईत झाली की काय करतोस?"

आवडीचा विषय निघाल्यावर त्याची कळी खुलली. "सोप्पं आहे! सगळ्यांत जास्त जागा अडवून बसलेल्या प्रोग्रॅमला सरळ बंद करायचं."

तिघींनी वळून हॉलकडे पाहिलं. त्याचं लांबलचक टेबल, पाच जुने कॉम्प्युटर, वायरींची खोकी, आरामखुर्ची.

सोमवारी तो घरी आला तेव्हा हे सगळं जिन्याखाली होतं आणि हॉलमध्ये ड्रम वाजत होते.

"अगं, निदान आधी सांगायचं तरी!" तो ओरडला.



बंद करण्याआधी प्रोग्रॅमला सूचना द्यावी, हा सहकाऱ्याचा प्रस्ताव गेल्या वर्षी त्यानेच हाणून पाडला होता.