पुढच्या काचेवरचं नाव

“बुडबुडा राह्यला तं पुन्हा काढाले लावीन,” ती म्हणाली.

फूलचंदनं ऑटोच्या पुढच्या काचेवरून फडकं फिरवलं. वाशीमात त्याचं रेडियमचं दुकान जुनं. बुडबुड्याची धमकी त्याला आजवर कोणी दिली नव्हती. त्यातून ऑटो कोरा, आणि चालवत आणणारी बाई.

“कोन्त्या लाइनवर लावशीन?”

“मालेगाव ते किन्हीराजा.”

कापलेली लाल अक्षरं त्यानं उजेडात धरून वाचली. ‘स्व. कु. वैजयंती इंद्रभान यांच्या स्मरणार्थ.’ इंद्रभानपाशी तो अडखळला.

“म्हंजे किन्हीराजाच्या इंद्रभानभाऊची पोरगी? अवो, तेरवीले गेलतो ना मी! भल्ली मोठी पंगत होती.”

“बुंदी कशी होती?”

हे काय विचारणं झालं? “चांगली होती. तुपातली. तू नव्हती?”

“मले नाई बोलावलं.”

“मैत्रीण व्हय काय तिची?”

“लहानपनापासून संगंच होतो.” तिनं अक्षरांवर बोट ठेवलं. “हे ‘कु.’ कोनं लावलं?”

“मीच. पोरीच्या नावाले लावतोच आमी.”

“काढा. लग्न झालं होतं तिचं. म्हनून तं मेली.”

फूलचंदच्या हातातलं ब्लेड थांबलं. “भाऊनं तं ताप सांगितला होता.”

“जातीबाहेर केलं. बापाले सहन नाई झालं.”

फूलचंदनं रस्त्याकडं पाहून घेतलं. मग आवाज खाली आणला. “बाई, त्यायच्या साऱ्या गाड्या माह्याकडं येतात. निवडनुकीचं कामबी माह्याकडंच. बापाचं नाव तेवढं काढून टाक.”

“तेच तं पाह्यजे. त्याच्या दारावरून दिवसभर खेपा मारीन.”

“काच फोडतीन ते.”

“फोडू द्या. नवी बसवीन. अन् नाव लावाले तुमच्याकडंच येईन.”

बुंदी फूलचंदनंही दोनदा मागून घेतली होती. त्या पंगतीत अख्खं गाव जेवलं, पाहुणे जेवले, पुढारी जेवले. पोरीला खांदा कोणी दिला, एवढं विचारायला कोणाचं तोंड रिकामं नव्हतं.

“जो होगा सो होगा,” तो म्हणाला.

त्यानं ‘कु.’ कापून फेकलं आणि ‘स्व.’ नावाजवळ सरकवलं. काचेवर साबणाचं पाणी मारलं. मागचा कागद सोलून अक्षरं अलगद टेकवली आणि रबरी पट्टीनं मधून कडांकडं पाणी हाकलत नेलं. ‘यंती’पाशी हवा अडकली. तिथं सुईनं टोचलं, अंगठ्यानं दाबलं. मग वरची चिकटपट्टी तिरपी ओढली. एकही अक्षर उचललं नाही. नाव काचेवर असं बसलं की नखालाही कड लागेना.

ती वाकून पाहत होती. बुडबुडा कुठंच नव्हता.

“खाली दुकानाचा नंबरबी टाकतो,” फूलचंद म्हणाला. “कळू दे कोनं लावलं ते. अन् तिचा फोटो दे. बाजूले लावून देतो, माह्याकडून. लोकायले चेहरा दिसला पाह्यजे.”

“बापानं सारे जाळले.”

“मोबाईलमधी असन ना एखादा?”

“तोबी फोडला त्यानं.”

“मंग कसं करावं?”

ती दुकानाच्या पांढऱ्या भिंतीशी गेली. पाठ टेकवून ताठ उभी राहिली, केस कानामागं सारले.

“काढा,” ती म्हणाली. “हसू का?”