बाबागाडी तीन चाकांचीच

"चाकं तीनच हवीत," सुधाकरराव तिसऱ्यांदा म्हणाले. "चारांतलं एक तरी कायम अधांतरी असतं. तीन टेकूंवर ठेवलेली वस्तू डुगडुगत नाही. चुलीला दगड किती असतात?"

"बाबा, इथे चूल कोण मांडणार आहे?" मुग्धा म्हणाली. पण तिने दुकानातल्या मुलीला तीन चाकांच्याच बाबागाड्या दाखवायला सांगितलं.

न्यूझीलंडमधल्या लोअर हटचं ते दुकान शनिवारमुळे भरलेलं होतं. ज्याच्यासाठी गाडी घ्यायची तो नील, वय वर्षं साडेतीन, रबरी चपला दारातच फेकून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी धावत होता. दुकानातल्या मुलीने त्याच्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं आणि सभ्यपणे गाड्या पुढे ओढल्या.

सुधाकरराव ओशाळले. दोन महिने त्यांनी लेकीच्या मागे भुणभुण लावली होती. पोराचे पाय दुखतात, किंडीपासून, म्हणजे त्याच्या बालवाडीपासून, घरापर्यंत चढ केवढा, वारा केवढा. खरं तर पाय दुखत होते ते त्यांचे.

नुसते दुखत असते तर त्यांनी चकार शब्द काढला नसता. पण हिवाळ्यापासून उजवा पाय मध्येच दगा द्यायला लागला होता. दोन आठवड्यांपूर्वी लेटरबॉक्सपाशी ते चक्क आडवे झाले. नील शेजारीच होता.

"आजोबांनी कोलांटी मारली," कपडे झटकत त्यांनी त्याला सांगितलं. "आपलं सीक्रेट हं. मम्माला सांगायचं नाही."

"डू इट अगेन," नील खिदळत म्हणाला.

मुग्धाला कळलं असतं तर संपलंच होतं. ती फार्मसिस्ट. दिवसभर लोकांच्या म्हाताऱ्या आईवडिलांना औषधं देणारी. तिने आधी डॉक्टर गाठला असता, मग वॉकर आणला असता, आणि नीलला किंडीतून आणायचं काम जावयाकडे गेलं असतं. पत्नी गेल्यावर चिंचवडचं घर बंद करून सुधाकरराव इथे आले, तेव्हापासून दुपारी अडीचची ती फेरी हाच त्यांचा दिवस होता. बाकी नुसती जेवणं आणि झोप. नातवाचा हात हातात असेपर्यंत आपण कुणाला तरी हवे आहोत, असं त्यांना वाटे. ते जाऊ द्यायला ते तयार नव्हते.

वॉकर धरून चालणारा म्हातारा सगळ्यांना दिसतो. बाबागाडी ढकलणारा आजोबा कुणाच्याच डोळ्यांत येत नाही. चाळीस वर्षं कारखान्यात ड्रॉइंग काढलेल्या माणसाला एवढी युक्ती सुचायला वेळ लागला नाही. लेकीला पटवायला मात्र लागला. "मोठा झालाय तो, चालू दे त्याला," हेच तिचं पालुपद. आणि मागच्या सोमवारी चहा गाळता गाळता ती आपणहून म्हणाली, "शनिवारी बघून येऊ या." चिकाटीचं फळ, असं सुधाकररावांनी मानलं.

आता तर तीच जास्त चौकस झाली होती.

"हँडल अजून वर येतं का? बाबा, धरून बघा. आणायला तुम्हीच जाणार ना?" तिने दुकानातल्या मुलीकडे मोर्चा वळवला. "हँडब्रेक आहे? मागे भार आला तर उलटते का? भाजीच्या पिशव्या अडकवते मी."

मुलगी म्हणाली, सीट रिकामी असेल तर उलटू शकते. मूल बसलेलं असलं की हलायची नाही.

त्यांनी सगळ्यांत दणकट गाडी घेतली. पोरगी शेवटी आपल्याच वळणावर गेली, म्हणून सुधाकरराव मनातून सुखावले.

पुढचे सहा आठवडे झकास गेले. पाय दगा द्यायचा, पण दांडा हातात असायचा. नील कटकट करेल अशी त्यांना धास्ती होती, पण किंडीच्या फाटकातून आला की तो मुकाट्याने गाडीत चढायचा आणि घर येईपर्यंत हलायचा नाही. उतरण्याआधी विचारायचा, "ब्रेक, आजोबा?"

हेच हळूहळू त्यांना खुपायला लागलं. किंडीतली पोरं स्कूटरवरून शेजारून सुसाट जायची आणि हा मांडीवर हात ठेवून बघत राहायचा. दुकानभर उंडारणारं पोर, आपण त्याचा लोण्याचा गोळा करून टाकला, असं त्यांच्या मनात येई. स्वतःच्या सोयीसाठी. रात्री ताटावर बसल्यावर त्यांना मुग्धाकडे बघवेना.

एका मंगळवारी पाऊस नुकताच थांबला होता. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर पाण्याचं मोठं डबकं साचलं होतं आणि नीलच्या वर्गातली सलोनी गमबूट घालून त्यात दणादण उड्या मारत होती.

"नील, कम ऑन!" ती ओरडली.

नीलचे पाय गाडीतल्या गाडीत हलले. मग त्याने ते जवळ ओढून घेतले.

बस झालं, सुधाकररावांनी ठरवलं. आज मुग्धाला सगळं सांगायचं. येऊ दे वॉकर, जाऊ दे फेरी. त्यांनी ब्रेक लावला आणि पट्टा सोडला.

"उतर बाळा. खेळ जा. मग चालतच जाऊ घरी."

नीलने मान हलवली. नाही.

"एवढा मोठा झालास आणि गाडीत बसतोस? सलोनी हसेल."

नीलने पुन्हा मान हलवली आणि बोटाने त्यांना खाली बोलावलं. दांडा घट्ट धरून ते वाकले. एरवी प्रत्येक गोष्टीचं उत्तर इंग्रजीत देणारा नील त्यांच्या कानाशी अगदी हळू, मराठीत बोलला.

"मी उतरायचं नाही. मम्मा म्हणाली, मी बसलो की गाडी जड होते, मग तू कोलांटी मारत नाहीस."