रिचर्डची पेज

रिचर्डच्या सातव्या दिवसाची चर्चमधली मिस्सा आटोपून सगळे घरी आले, तरी कॅथरिन काही खाईना. नवऱ्याचं मयत झाल्यापासून घरात चूल पेटली नव्हती. शेजारणी डबे आणत होत्या, आणि तिच्या पुढचं ताट जसंच्या तसं उचललं जात होतं. प्लासिडचा जीव टांगणीला लागला होता. बाप गेला, आता आईपण अशीच सुकून जाणार की काय!

"मी पेज टाकते," त्याची बायको प्रिन्सी म्हणाली. "घरची तरी खातील."

सिलिंडर नेमका संपलेला. तिनं मागच्या पडवीतली शेगडी पुढे ओढली. तिची नळी अंगणातल्या ड्रमला जोडलेली होती. मोठ्या ड्रमात उपडा घातलेला लहान ड्रम, आत घरातलं उरलंसुरलं अन्न आणि पाणी, ते कुजून गॅस व्हायचा, वर दाबाला दगड. रिचर्डनं मोठ्या हौसेनं बसवलेला, आणि प्लासिडनं भंगारात काढायचा ठरवलेला.

प्रिन्सीनं काडी लावली. फुस्स झालं आणि निळा जाळ गोल उभा राहिला. धूर नाही की वास नाही.

कॅथरिननं मान वर केली. "सिलिंडर आला?"

"नाही आई. ड्रमचा गॅस आहे."

"त्याच्यात कुठून आला गॅस? आठवडाभर घरात कोणी रांधलंय?"

प्रिन्सी जरा घुटमळली. "पपांची पेज होती ना आत," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच ओतायच्या."

ओतायची खरी. आजारपणात रिचर्ड तोंड फिरवायचा. ही चमचा धरून विनवायची, रागवायची, आणि शेवटी भरला वाडगा ड्रममध्ये. ओतताना क्रुसाची खूण करायची. अन्न फुकट घालवलं म्हणून फादरकडे जाऊन कन्फेशनसुद्धा करून आली होती बिचारी!

ती उठली. अंगणात जाऊन बघते तर काय, वरचा ड्रम दगडासकट हातभर वर आलेला! कडेनं बुडबुडे फुटत होते. दगड रिचर्डनंच ठेवलेला. तिनं त्याच्यावर हात ठेवला.

"अगं बाय!" ती पुटपुटली. "म्हणजे वाया नाही गेली गो. एवढीशीसुद्धा नाही."

मग शेगडीपाशी येऊन बसली. पेज शिजेपर्यंत जाळाकडे बघत राहिली, चर्चमध्ये बसावं तशी. प्रिन्सीनं वाडगा पुढे केला तेव्हा तिनं तो घेतला, आणि पेज खाल्ली. डोळ्यांतलं पाणी पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. प्लासिडलाच बघवेना, तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

अर्ध्यावर ती थांबली.

"अजून थोडी घे ना, आई," प्लासिड म्हणाला.

"माझी झाली," ती म्हणाली. "ही त्याची."

वाडगा घेऊन ती ड्रमकडे गेली. प्लासिड मागोमाग गेला आणि त्यानं ओतायच्या नळीच्या तोंडावरचं झाकण उघडून धरलं. कॅथरिननं वाडगा उपडा केला नाही. चमचा बुडवला, कडेला निथळवला, आणि एकेक घास आत सोडू लागली.