पुलावर थांबणार कोण
गेमची गोष्ट लिहिणाऱ्या तरुणाने पुलाचा प्रसंग पुन्हा उघडला. शत्रूला रोखण्यासाठी खेळाडूने यादीतल्या एका साथीदाराला निवडून मरायला मागे सोडायचं होतं, आणि चाचणीत बहुतेक खेळाडूंनी मलमपट्टी करणाऱ्या मुलीलाच सोडलं होतं. तीच हसून म्हणायची, “तुम्ही व्हा पुढे, माझं काय एवढं!” हे वाक्य त्याने घरातूनच उचललं होतं. दोघा भावंडांपैकी एकाचंच कॉलेज घराला झेपणार होतं, तेव्हा ताई असंच म्हणाली होती. त्याने तिला फोन लावला. “ताई, तेव्हा तुला कुणी विचारलं असतं तर?” पलीकडे नळ बंद झाला. “नाही म्हणाले असते,” ती म्हणाली. “मलाही शिकायचं होतं रे.” फोन ठेवून त्याने मुलीचं वाक्य बदललं: “मला जगायचंय.” “मग पुलावर थांबणार कोण?” बदल वाचून ऑफिसातल्या साहेबांनी विचारलं. त्याने यादीत पहिलं नाव खेळाडूचंच घातलं.