फळीवरचं तेल

न्हाणीघरातल्या फळीवरची खोबरेलाची बाटली आत्याने उलटी केली. तेल हललं नाही. पांढरंशुभ्र, घट्ट गोठलेलं.

दाराआड भाची श्वास रोखून बघत होती.

घरातली रीत साधी होती. फळीवरचं तेल गोठलं की परसात मटार टोकायचा, त्याआधी नाही. ही रीत आत्याच्या आईने घालून दिलेली, आणि ती कधी चुकली नव्हती. उकाड्यात टोकलेल्या मटाराचा वेल वाढतो, फुलतोही, पण फुलं गळून जातात. शेंग धरत नाही. गेल्या हिवाळ्यात तेल गोठलंच नाही. आत्या वाट बघत राहिली आणि वाफा रिकामा गेला. यंदाही हिवाळा निम्मा सरला तरी घरात पंखा चालू होता. राखेत जपलेलं आईच्या हातचं बी आता जुनं झालं होतं. आणखी एक वर्ष डब्यात राहिलं तर ते उगवायचं नाही, हे आत्यानेच भाचीला शिकवलं होतं. मग भाचीने रोज विचारायचा सपाटा लावला, आज टोकायचं का? आत्याचं उत्तर ठरलेलं: तेलाला विचार. भाचीचे वडील म्हणाले, दुकानात बियांच्या पुड्या मिळतात, आण एक आणि मोकळी हो. त्यावर आत्या दिवसभर त्यांच्याशी बोलली नव्हती.

आत्याने बाटली सुलटी केली. तिचा तळहात ओला झाला. बाटलीला बारीक घाम फुटला होता. शेजारचा तांब्या तिने चाचपून पाहिला, तो कोरडा. मग तिने बाटली नाकाशी नेली. बाटलीला फ्रीजमधल्या कोथिंबिरीचा वास येत होता.

"काय गं शहाणे," आत्या म्हणाली, "हवेला फसवायला निघालीस?"

"हवेला नाही," भाची दाराआडूनच म्हणाली. "तुला."

बाटली घेऊन आत्या मागच्या पायरीवर जाऊन बसली. रिकाम्या वाफ्यात शेजारचं मांजर ऊन खात पसरलं होतं. आता बोलणी बसणार, असं धरून भाची मागे उभी राहिली. बऱ्याच वेळाने आत्याने तिला राखेचा डबा आणायला सांगितलं.

नेहमीचा वाफा आत्याने मांजरालाच ठेवला. दुपारचं ऊन पोचत नाही अशी भिंतीकडची जागा तिने निवडली. ती बोटाने भोक पाडायची, भाची दाणा टाकून माती लोटायची. फुलं गळली तर, असं भाचीने मध्येच विचारलं. गळायला आधी यावी लागतात, एवढंच आत्या म्हणाली आणि पुढचं भोक पाडलं.

डबा रिकामा झाला. दोघींनी हात धुतले. तोवर बाटलीतलं तेल कडेने सुटलं होतं, मधे थोडा पांढरा गोळा उरला होता. आत्याने भाचीला पायरीवर पुढ्यात बसवलं, तिची वेणी सोडली आणि तेल टाळूवर थापलं. भाचीने खांदे आवळले.

"आत्या, गार लागतंय."

"लागतंय ना?" तिच्या केसांत बोटं फिरवत आत्या म्हणाली. "मग पेरणी वेळेवर झाली म्हणायची."